पावस-रत्नागिरी रोजची ये-जा: 100 सीसीची बाईक घ्यावी की 125?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. पावसहून रत्नागिरीला रोज कामाला जायचं आहे, ये-जा मिळून साधारण 40 किलोमीटर. वाटेत गोळपचा चढ-उतार, भाट्याचा पूल आणि शेवटी शहरातली गर्दी. आठवड्यातून दोन-तीनदा मागे माणूस असेल. घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, गाडी पत्र्याच्या उघड्या शेडात राहणार. उंची 5 फूट 3 इंच. स्प्लेंडर प्लस आणि शाइन 125 या दोनच मनात आहेत. घरचे म्हणतात, अ‍ॅव्हरेज बघून घे. कोणती घ्यावी, आणि खाऱ्या हवेत ती टिकवायची कशी?

सडेकर
आधी अ‍ॅव्हरेजचा हिशोब करून बघा. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1000 किलोमीटर होतात. एकीने 65 दिलं आणि दुसरीने 55, तर पेट्रोल लागेल 15.4 लिटर आणि 18.2 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तरी फरक महिन्याला तीनशेच्या आत. एवढ्यावरून गाडी ठरवू नये.

चढावर मात्र फरक कळतो. दोन्ही गाड्यांचं वजन जवळजवळ सारखं, 112-113 किलो. पण टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, स्प्लेंडरचा 8 न्यूटन-मीटर आणि शाइनचा 11. मागे माणूस, समोरून पावसाळी वारा आणि गोळपचा चढ, अशा वेळी 100 ची गाडी तिसऱ्या गियरवर, कधी दुसऱ्यावर आणावी लागते आणि मागून डंपर येतच असतो. 125 तोच चढ वरच्या गियरमध्ये काढते. शाइनला पाच गियर आहेत, स्प्लेंडरला चार. सीटची उंची 785 आणि 791 मिलिमीटर, तेव्हा तुमच्या उंचीला दोन्ही चालतील. तरी शोरूममध्ये बसून दोन्ही टाचा टेकतात का ते बघा. चवड्यावर उभं राहून जांभ्याच्या चिखलात गाडी सावरता येत नाही.

एकट्यानेच जायचं असतं तर मी स्प्लेंडर सांगितली असती. तिचे पार्ट गावातल्या दुकानातही मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक ती डोळे मिटून उघडतो. मागे माणूस बसणार असल्याने 125 च घ्या.

गॅरेजकट्टा
या दोन गाड्यांची निवड एका गोष्टीसाठी फार आवडली: दोन्हींना बंद चेनकव्हर आहे. स्पोर्टी दिसणाऱ्या 125 मध्ये चेन उघडी असते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि रस्त्यावरचा लाल गाळ उघड्या चेनवर कानशीसारखा घासतो. कव्हरच्या बाजूला एक रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेन वरखाली करून बघा, झोल 20 ते 30 मिलिमीटर असावा. चाक फिरवत तीन-चार जागी बघा आणि सगळ्यात घट्ट जागेचं माप धरा. जास्त ताणलेली चेन गियरबॉक्सचं बेअरिंग खाते. त्याच भोकातून 90 नंबरचं गियर ऑइल सोडा, पावसात दर 400 किलोमीटरला. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल नको, त्यात धातूचा कीस असतो.

आता गंज. सायलेन्सरचा गंज डोळ्यांना टोचतो, पण त्याने गाडी अडत नाही. अडते ती मागच्या ड्रम ब्रेकच्या कॅममुळे, म्हणजे ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या तुकड्यामुळे. खाऱ्या दमटपणाने कॅमची पिन जाम होते, ब्रेक दाबला की लागतो पण सोडल्यावर मागे येत नाही. चाक अडखळत फिरतं, अ‍ॅव्हरेज पडतं, ड्रमला हात लावला तर चटका बसतो. लोक इंजिन तपासत बसतात. उपाय साधा आहे: मे अखेरीस एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा चाक उतरवायचं, पिन बाहेर काढून पॉलिश पेपरने घासायची आणि मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस लावायचं. जास्त लावलं तर ते लायनरवर उतरतं आणि ब्रेकच जातो.

दुसरी हमखास जागा साइड स्टँडचा सेन्सर. त्यात चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो, आणि गियर टाकला की इंजिन बंद. पाण्याने तेवढा भाग धुऊन बघा, मगच गॅरेज गाठा.

आठवड्यातून एकदा साध्या पाइपने गोड्या पाण्याने धुवा. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं असेल तर त्याने मुळीच नको, अंगावर मीठच वाळतं. प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या कोनसेटवर (मानेतल्या बेअरिंगवर) मारू देऊ नका, आतलं ग्रीस निघून पाणी शिरतं. सायलेन्सरच्या खाली बारीक भोक असतं, ते पाणी निघायला ठेवलेलं असतं. गळतंय समजून वेल्डिंगने बुजवलं तर सायलेन्सर आतून कुजतो. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन लावा, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचं सगळं बॅटरीवर असतं.

खाडीकाठ
खूप आभार, 125 नक्की. डिस्क घ्यायची का ड्रम? आणि शेडात गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घातलं तर चालेल?

सडेकर
पुढे डिस्कच घ्या. भरलेल्या व्हाळातून (ओढ्यातून) गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहतं आणि पहिले एक-दोन ब्रेक लागतच नाहीत. डिस्कवरचं पाणी चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत उडून जातं. मागे ड्रमच असल्याने पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत मागचा ब्रेक थोडा वेळ हलका दाबून ठेवा, लायनर सुकतो. एक लक्षात ठेवा, या दोन्ही गाड्यांना सीबीएस आहे, एबीएस नाही. सीबीएस दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देतं, चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही, ते काम एबीएसचं. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल आणि माती एक होते, तेव्हा वळणावर ब्रेक नकोच, वेग आधीच कमी करायचा. टायरची नक्षी 2 मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधी बदला. आणि पकड वाढेल म्हणून हवा कमी करू नका, मऊ टायर पाणी बाजूला फेकत नाही.

गॅरेजकट्टा
डिस्कला माझाही दुजोरा. फक्त कॅलिपरच्या (डिस्कला चिमटणाऱ्या भागाच्या) पिना खाऱ्या हवेत जाम होतात, पॅड बदलताना त्या बाहेर काढून सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा.

प्लास्टिकचं कव्हर नको. ओल्या गाडीवर घातलं की आत वाफ धरते आणि उघड्या गाडीपेक्षा लवकर गंजते. त्यापेक्षा शेडाच्या खाडीकडच्या बाजूला झावळ्यांची झड बांधा. खारा वारा अडतो आणि बाकी तिन्ही बाजूंनी हवा खेळती राहते.