शाळेच्या बाँडला ५५ टक्के, घरांच्या बाँडला दोन-तृतीयांश: हे पटतं का?

सनीव्हेलकर:
कॅलिफोर्नियात शाळेच्या इमारतीसाठी बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढायचे तर ५५ टक्के मतं पुरतात. शहराला परवडणारी घरं किंवा अग्निशमन केंद्र बांधायचं तर दोन-तृतीयांश लागतात. फेड दोन्हींची प्रॉपर्टी टॅक्समधूनच. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन ५, म्हणजे राज्यभरच्या मतदानाला ठेवलेला प्रस्ताव, ही दुसरी अटही ५५ वर आणणार होतं. मतदारांनी ते पाडलं. फार वाईट वाटलं. ६५ जण हो म्हणाले तरी ३५ जणांचंच चालणार? ज्या प्रपोझिशन १३ ने १९७८ मध्ये ही अट घातली, त्यालाही दोन-तृतीयांश मतं नव्हती!

पिंपळपान:
थोडी गल्लत होतेय. १९७८ ची अट स्थानिक विशेष करांची, म्हणजे ठरावीक कामासाठी लावलेल्या करांची. कर्जाची अट १८७९ च्या राज्यघटनेतली आहे, आणि ती योग्यच आहे. बाँड वीस-तीस वर्षं फेडायचा. आज हो म्हणणारा उद्या टेक्सासला जाईल, बिल मात्र इथे राहणाऱ्याला. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाण्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा माझ्या आईवडिलांना कुणी विचारलं नाही. इथे विचारतात, तर होकारही भक्कम हवा.

सनीव्हेलकर:
१८७९ चं मान्य, चूक माझी. पण मग शाळांचं कर्ज काय लवकर फिटतं? २००० मध्ये प्रपोझिशन ३९ ने त्यांना ५५ ची सवलत दिली, सोबत नागरिकांची देखरेख समिती आणि दरवर्षी ऑडिट. प्रपोझिशन ५ मध्येही तशीच देखरेख होती.

माळरान:
मी दोन वर्षांपूर्वी फ्रीमाँटला घर घेतलं. तुम्ही दोघं टक्क्यांवर भांडताय, पण बोजा कुणावर पडतो ते बघा. प्रपोझिशन १३ मुळे करासाठीचं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं. घर विकलं की बाजारभावावर येतं. बाँडचा दर त्याच मूल्यावर लागतो. शेजारच्या आजोबांनी तसंच घर ऐंशीच्या दशकात घेतलंय. म्हणजे एकाच अग्निशमन केंद्रासाठी मी त्यांच्या कितीतरी पट भरणार. आधी हे सुधारा. तोवर माझं मत दोन-तृतीयांशालाच.

सनीव्हेलकर:
तुमचं दुखणं खरं आहे. पण ते मूल्यमापनाचं आहे. त्यापायी केंद्र अडलं, तर आग लागल्यावर बंब उशिरा तुमच्याही दारी येईल आणि आजोबांच्याही.

पिंपळपान:
केंद्राची गरज पटली तर दोन-तृतीयांश लोक मत देतात, असे बाँड मंजूर झालेतच की. पटवायला घरोघर फिरावं लागतं. फिरू दे ना.