दिवस ११ चा बागुलबुवा

ए-१०४: सर्व सभासदांना नमस्कार. नोटीस बोर्ड नोटिशींसाठी असतो असा माझा समज होता. टाकी साफ करायची नोटीस एका तीन डोळ्यांच्या प्राण्याखाली गेली होती. मी आज सकाळी तोंडाला अंगाला साबण लावून उभा आणि नळातून नुसती हवा. कुणाचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बी-५०३: काका खरंच सॉरी 🙏 चित्र मीच लावलं होतं पण नोटिशीच्या बाजूला, कुणीतरी पिन काढून परत टोचताना वर सरकवलंय

ए-४०३: साबण लावलेला बागुलबुवा, दिवस १२ चा विषय मिळाला 😂😂

ए-१०४: हे हसण्यावारी नेऊ नका.

बी-३०२: सुप्रभात 🌹 माझ्या बेडरूमच्या लीकेजचं काय झालं?

ए-२०२: मला कुणीतरी नीट सांगा हे काय चाललंय, आमचे चिरंजीव रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसतात आणि विचारलं की म्हणतात आई अजून दिवस ९ राहिलाय, जसं काही बोर्डाचा पेपर आहे

बी-५०३: ताई ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र, ३१ दिवस ३१ चित्रं. इंकटोबर म्हणतात त्याला, जेक पार्कर म्हणून एक अमेरिकन चित्रकार आहे त्याने २००९ ला स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून सुरू केलं आणि मग सगळेच करायला लागले. आपण मुलांसाठी त्यात फक्त बागुलबुवा घेतले, तेही हसवणारे. मोजा पळवणारा, रिमोटवर बसणारा, गजर बंद करून परत झोपणारा असे. आणि एखादा दिवस राहिला तर राहू दे, मी स्वतः दिवस ६ आणि ७ खाल्लेत

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरताच वापरावा.

ए-४०३: सर काल रात्री दीडला तुम्हीच तो व्यायामाचा व्हिडिओ टाकला होता

सेक्रेटरी: तो चुकून गेला.

ए-१०४: मूळ मुद्दा बाजूला राहतोय. दिवस ११ चं जे चित्र लावलंय, 'चावी न सापडणारा', त्याला कपाळावर चष्मा, हातात चाव्यांचा जुडगा, एकाच पायात चप्पल. मी लहान मुलं नाही म्हणणार, मोठ्यांना विचारतो. हे कोण आहे?

ए-४०३: 🤐

बी-४०२: 🤐🤐

ए-२०२: काका ते आमच्या मुलाने काढलंय आणि त्याने बेडूक बघून काढलंय, फोटो आहे माझ्याकडे बेडकाचा

ए-१०४: बेडूक चष्मा कपाळावर ठेवतो का?

बी-५०३: काका यात त्याची चूक नाही, ही युक्ती मीच शिकवली. नुसता मनातून राक्षस काढायला बसलं की सगळ्यांचा एकच येतो, दोन शिंगं दोन सुळे आणि हिरवा रंग. म्हणून खऱ्या वस्तूंमधून चोरायचं. लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवलंय, काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा तर त्याचा प्रत्येक अवयव कुठल्यातरी खऱ्या प्राण्याचा घ्या, डोकं शिकारी कुत्र्याचं, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान कासवाची. तर पोट बेडकाचं आहे, पाय कोंबडीचे आहेत, आणि चष्मा... चष्मा सुचला असेल कुठूनतरी

ए-४०३: लिओनार्दो पण आपल्याच लिफ्टने जायचा वाटतं

ए-१०४: चोरायचं असं मुलांना शिकवता. छान.

बी-३०२: माझ्या बेडरूमच्या लीकेजचं काय झालं? आता डाग कपाटाच्या वर आलाय.

ए-६०१: मित्रांनो माझा पण सहभाग 💪 (फोटो) एआयला सांगितलं, दहा सेकंदात तयार

बी-५०३: छान आहे सर 🙂 फक्त वहीत हाताने काढायचं असं ठरलं होतं

ए-६०१: मॅडम जग पुढे गेलंय. शेवटी रिझल्ट महत्त्वाचा

ए-४०३: एका हाताला सात बोटं आहेत

ए-६०१: राक्षस आहे तो

ए-४०३: सात असू देत हो, पण त्यातली दोन बोटं तिसऱ्या बोटाला फुटलीत 😂

बी-५०३: सर वाईट वाटून घेऊ नका, पण गंमत काढण्यात आहे. पेनने काढताना रेघ चुकते, खोडता येत नाही, मग त्या चुकलेल्या रेघेचं शेपूट करायचं की तिसरा कान हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. मोजा पळवणाऱ्याचं तोंड एका मुलीचं वाकडं झालं तर तिने वाकड्या बाजूने मोजा लोंबताना दाखवला, सगळ्यात भारी तेच झालंय. दहा सेकंदात हे कुठून येणार

ए-६०१: ओके मॅडम. तुम्ही आर्टिस्ट लोक.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

ए-४०३: ६०१ काय लिहिलं होतं ते आम्ही वाचलंय बरं का

ए-२०२: ताई अजून एक, त्याच्या वहीत मागच्या चार पानांवर काळे डाग पडलेत, नवी वही होती

बी-५०३: मार्कर उतरलाय. ते अल्कोहोलवाले मार्कर पातळ कागदातून खाली जातातच, पानामागे एक जाड कागद सरकवायला सांगा. आणि शाई पूर्ण सुकल्याशिवाय पेन्सिल खोडायची नाही. वरून वॉटरकलर द्यायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ आहे का बघा, नाहीतर राक्षस ओघळतो

ए-४०३: ३०२ च्या भिंतीसारखा

बी-३०२: तुम्हाला हसू येतंय. (फोटो) हे बघा. सप्टेंबरपासून सांगतोय.

बी-४०२: आमच्याकडून पाणी येत नाही हे मी मीटिंगमध्ये पण सांगितलंय आणि मिनिट्समध्ये आहे. आमचं बाथरूम त्या बाजूला नाहीच

बी-३०२: मग पाणी आकाशातून येतं का? मध्ये तुम्हीच आहात.

बी-४०२: काका आवाज चढवू नका

बी-३०२: मी टाइप करतोय.

सेक्रेटरी: दोन्ही सभासदांनी कृपया पर्सनलवर बोलावे.

बी-५०३: काका मध्ये बोलते, राग मानू नका, पण तुमच्या फोटोत डावीकडे जरा मान वाकडी करून बघा... लांब नाक आणि खाली हनुवटी दिसते का? लिओनार्दोनेच लिहिलंय की डाग पडलेल्या भिंतीकडे बघत बसा, डोंगर दिसतील, लढाया दिसतील, विचित्र चेहरे दिसतील

ए-४०३: मला तर सेक्रेटरी सर दिसतायत

सेक्रेटरी: 🙏

बी-३०२: मला फक्त ओल दिसते.

ए-१०४: नोटीस बोर्डाचं काय ठरलं ते कुणी सांगेल का? सकाळपासून विचारतोय.

बी-५०३: काका आजच सगळी चित्रं काढून जिन्याच्या भिंतीवर दोरी बांधून लावते, बोर्ड तुमचा. आणि रविवारी मुलांना घडीचा खेळ शिकवणार आहे, मोठेही या. कागदाच्या तीन घड्या, एकाने डोकं काढायचं, घडी घालून लपवायचं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय, मानेच्या दोन रेघा तेवढ्या घडीबाहेर ठेवायच्या म्हणजे पुढच्याला जोड मिळते. पॅरिसमधले सर्रिअ‍ॅलिस्ट चित्रकार आणि कवी १९२५ च्या सुमाराला हाच खेळ खेळायचे

ए-४०३: डोकं ४०२ ला द्या, पाय ३०२ ला द्या, मध्ये लीकेज

बी-४०२: फार विनोदी आहात

ए-१०४: दोरी जिन्यात नको, अंधारात गळ्याला लागेल. बोर्डाच्या खालच्या अर्ध्या भागात लावा. वरचा अर्धा नोटिशींना. मी पट्टीने रेघ मारून देतो.

बी-५०३: चालेल काका ❤️

ए-१०४: आणि 'चावी न सापडणारा' जो आहे त्याची चप्पल चुकलीये. अंगठा बाहेर काढलाय. अंगठ्याची चप्पल तशी दिसत नाही.

ए-२०२: काका तो म्हणतोय तुम्ही दाखवाल का एकदा, आत्ता खाली येतोय वही घेऊन

ए-१०४: पाचनंतर. आत्ता पाणी आलंय, अंघोळ राहिलीये.

सेक्रेटरी: बी-३०२, प्लंबर उद्या सकाळी दहाला येईल. ४०२ ने पण घर उघडं ठेवावे.

बी-४०२: आमच्याकडून नाही हे सिद्ध होईल, म्हणून ठेवतो उघडं

बी-३०२: प्लंबरला प्लीज परवा बोलवा ना, त्याचं तोंड झालंय पण पाय अजून राहिलेत, आणि भिंत सुकली तर शेप बदलेल 🙏🙏

ए-४०३: ???

बी-५०३: 😂😂😂

बी-३०२: वरचा मेसेज नातीने टाकला. उद्या दहालाच यावे. माझ्या बेडरूमच्या लीकेजचं काय झालं?