वर्षाचं धान्य: भरता कसं, संपवता कसं?

ज्यांच्या घरी अजूनही उन्हाळ्यात वर्षाचं भरलं जातं त्यांनी इथे लिहा. किडीवरचे उपाय हवेतच, पण मला जास्त उत्सुकता पुढची आहे. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत जुनावलेलं धान्य चुलीवर कसं वागतं, आणि तुम्ही त्याला कसं वळवता? 'हल्ली एवढं भरतं कोण' हा वाद मात्र इथे नको.

सोलापूर
आमच्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी. खळं झालं की पोती येतात. कडक ऊन द्यायचं आणि रात्रभर गार होऊ देऊन मगच कोठीत भरायचं. गरम ज्वारी कोंडली की आत घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. नुसता चेपला तर अजून ऊन हवं. थरांमध्ये कडुलिंबाचा पाला घालतो, पण सावलीत खडखडीत वाळवलेला.

दळण मात्र आठवड्यापुरतंच. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. मग पिठात उकळतं पाणी ओतायचं, उलथन्याने कालवून झाकायचं आणि हाताला सोसेल इतपत निवलं की रगडून मळायचं. भाकरी उचलते. बाजरीच्या पिठाला हाही इलाज नाही, कारण ते कडू होतं.

रायगड
आम्ही तांदूळ नाही, भात साठवतो. फोलातला दाणा पावसाळ्यातही टिकतो. लागेल तसं गिरणीवर भरडून आणायचं. कडव्या वालांना चुलीची राख चोळतो. वाल भिजवून, मोड काढून सोलेपर्यंत राखेचा मागमूस राहत नाही. नवा तांदूळ पेजेला आणि मोदकाच्या पिठीला. पाहुण्यांना मोकळा भात हवा असेल तर जुनाच काढायचा आणि पाणी थोडं जास्त घालायचं.

ठाणे
फ्लॅटमध्ये राख कुठली! तूरडाळीला एरंडेल लावते, तळव्याला चकाकी येईल इतकंच. शिजवण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवायची, नाहीतर शिट्टीबरोबर फेस येऊन कुकरचं झाकण बरबटतं. तांदळाला सासूबाई बोरिक पावडर लावायच्या. मी बंद केली. ती खायची वस्तू नव्हे, आणि घाईत एका पाण्याने तांदूळ धुणारी माणसं आमच्याच घरात आहेत.

ठाणेकर ताईंना, लातूरहून
बोरिकचं ठीक, पण त्याहून वाईट गोष्ट घरोघरी चालते. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून हवेतल्या ओलीने फॉस्फिन वायू सुटतो. ते काम गोदामातलं आणि शिकलेल्या माणसाचं. पोती झोपायच्या खोलीत आणि त्यात गोळ्या, अशाने माणसं गेली आहेत. दुकानदार सुट्या देत असला तरी घेऊ नका.

सांगली
गोळ्या नसतानाही धान्य टिकायचंच की. हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तोंड लिंपून टाकलं की आतला प्राणवायू संपत जातो आणि किडीचं काही चालत नाही. माणसाचंही नाही! म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. २००५च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. मी घरच्या डब्यांना तोच नियम लावते: डबा काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट, आणि रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या लहान डब्यात. मोठा डबा दररोज उघडला की सगळं मुसळ केरात.

न्यू जर्सी
इथे उन्हाची खात्री नाही, पण फ्रीजर आहे. वीस पौंडांची कणीक आणली की पिशव्या करून चार-पाच दिवस उणे अठरा सेल्सिअसला ठेवते. अंडी असली तर मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून खोलीइतकी उबदार होऊ द्यायची, आधी उघडली तर पिठाला पाणी सुटतं. जुना राजमा मऊ होत नसेल तर मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि शिजताना चिमटीभर सोडा घाला. टोमॅटो नंतरच. आंबट आधी पडलं की दाणा आकसून बसतो.

रायगड
न्यू जर्सीकर, वालांनाही हेच. आमसूल सगळ्यात शेवटी. आणि सोडा नको हो, बिरड्याचा लगदा होतो.