फौजी नवरा सुट्टीवर आलाय आणि पोरगं जवळच जात नाही, काय करावं?

सातारची_वहिनी
नमस्कार, मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहेत, सध्या फिल्डला असल्यामुळे फॅमिली नेता येत नाही म्हणून मी, सासूबाई आणि साडेचार वर्षांचा मुलगा गावीच असतो. ७ महिन्यांनी सुट्टीवर आलेत. फोनवर बाबा बाबा करणारं पोरगं समोर आल्यावर थेट आजीच्या पदराआड. तिसऱ्या दिवशी ह्यांनी त्याला साडेपाचला उठवून अंथरुणाची घडी घालायला लावली, वाकडी झाली म्हणून उलगडून परत घालायला लावली, तर रडत मला म्हणतो "आई, हे कधी जाणार?" ह्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, गोठ्यात जाऊन बसले. मी मधे पडले तर तू लाडावून ठेवलंयस, नाही पडले तर पोरगं बिचकतं. तुमच्याकडे कसं करता?

निवृत्त_हवालदार
ताई, त्यांना हे वाचून दाखवा. सियाचीनला आम्हाला एकदम वर चढवत नाहीत, विरळ हवेची सवय होऊ देत टप्प्याटप्प्याने नेतात. ९००० फुटांच्या वर पहिला टप्पा ६ दिवसांचा, त्यात पहिले २ दिवस नुसता आराम, मग १२००० च्या वर ४ दिवस, १५००० च्या वर अजून ४. गडी कितीही दांडगा असू दे, घाई केली की फुफ्फुसात पाणी. आणि महिन्याच्या वर खाली राहून आला की परत पहिल्यापासून. हे सगळं आम्हाला पाठ, पण घरी एसटीतून उतरलो की डायरेक्ट शिखरावर! मी पहिल्याच संध्याकाळी पोरीचं दप्तर तपासलं होतं. मिसेस म्हणाली इथला चार्ज माझ्याकडे आहे, हँडिंग-टेकिंग झाल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही. गप बसलो.

फौजीची_लेक
काका 😂 आमच्या आईने पप्पांना माझ्या वेण्या घालायचं काम दिलेलं. दोरखंड आवळल्यासारखी घालायचे, डोळे वर ताणले जायचे, आणि एक वेणी कायम कानाच्या पुढे. तशीच जायचे शाळेत, सोडू द्यायची नाही मी कुणाला. त्या पंधरा मिनिटांतच आमचं काय ते बोलणं व्हायचं.

गडहिंग्लजकर
सगळं बरोबर, पण हिशोब बघा ना, ॲन्युअल लीव्ह ६० आणि कॅज्युअल ३०, सगळी सुट्टी मिळाली तरी वर्षाचे ९० दिवस, ते पण तुकड्यातुकड्यात. उरलेले २७५ दिवस ताप, फी, पालकसभा, गॅस संपला, सगळं आपणच. मग ते आले की त्यांना सांभाळून घ्यायचं पण आपणच का? मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, एक काम तुझं, ते लांबूनही तुझंच. रात्रीची गोष्ट तो सांगतो. रेंज नसणार असेल तर आधीच रेकॉर्ड करून पाठवतो, मागे कुणीतरी घोरत असतं, पोरं त्यालाच जास्त हसतात. त्यामुळे आल्यावर आवाज तरी ओळखीचा असतो.

सातारची_वहिनी
सगळ्यांचे आभार. हवालदार काकांचं वाचून दाखवलं, ९००० फूट ऐकून हसले, मग बराच वेळ गप्प. आज सकाळी कुणालाच उठवलं नाही. पोरगं आपणहून उठून गोठ्यात गेलं आणि वासराला पेंड कशी भिजवायची ते बाबांना शिकवत होतं, "एवढं पाणी नाही ओ घालायचं!" हे आपले जी जी करत होते. अंथरूण अजून तसंच पडलंय.