गिटारचा रोजचा सराव नेमका कसा करावा?

प्रश्न (फोंडा): चाळिशीत मी गिटार शिकू लागलो आहे. आमचे सर पाश्चात्त्य शास्त्रीय, जॅझ आणि मांडो (गोव्यातील कोंकणी गीतप्रकार) अशा सर्व शैली तितक्याच आवडीने शिकवतात. मात्र त्यामुळे माझा अर्ध्या तासाचा सराव विखुरतो. काय करावे?

उत्तर (म्हापसा): असा शिक्षक लाभणे भाग्याचे आहे, पण सरावासाठी एका वेळी एकच अडचण निवडावी. ‘सी’ कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर) ‘जी’ कॉर्डवर जाताना बोटे अडखळत असतील, तर मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून केवळ तोच बदल दहा मिनिटे करावा आणि तो निर्दोष जमल्यावरच गती थोडी वाढवावी. संपूर्ण गाणे पुन्हा पुन्हा वाजवताना आपण बहुधा येणारा भागच घोटत बसतो. (मी दोन वर्षे तेच केले!)

उत्तर (मडगाव): सहमत आहे. माझ्या मते आधी मांडोच घ्यावा, कारण त्याच्या संथ, सहा मात्रांच्या चालीत कॉर्ड बदलायला पुरेसा अवधी मिळतो. शिवाय आपल्याकडील दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात, तेव्हा वाजवून झाल्यावर त्या कोरड्या कपड्याने पुसाव्यात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आजपासून ‘सी’ आणि ‘जी’ एवढेच.