235/65 आर17 टायरऐवजी 255/65 ए/टी (ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्यालाही चालणारे) टाकावेत का?

चौथा_गिअर: एसयूव्ही फुल-टाइम ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना कायम ताकद) आहे. मूळ टायर 235/65 आर17 104एच. वापर बहुतेक डांबरी रस्त्यावर, कच्चा रस्ता क्वचित. पुढचे दोन टायर आतल्या कडेला गोटा झालेत, मागच्यांची नक्षी 4 मिमी आहे. दुकानदार पुढे दोनच 255/65 ए/टी टाका म्हणतोय. घ्यावेत का?

रिमझिम17: मुळीच नको. 235 मिमी रुंदीचे 65 टक्के म्हणजे साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) 152.75 मिमी. तिची दुप्पट अधिक 17 इंची रिमचे 431.8, एकूण व्यास 737. तुम्हाला सुचवलेल्या टायरचा 763, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. चारही तसे टाकले तर मीटरवर 100 दिसताना गाडी 103 च्या पुढे असेल, शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकावरच्या लायनरला (आतल्या आवरणाला) घासू शकतो. रुंदच हवा तर 255/60 चा व्यास जवळपास मूळचाच आहे, फक्त तुमच्या रिमच्या रुंदीला तो चालतो का ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. 104एच मधले 104 म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 900 किलो भार. त्याखालचा आकडा घेऊ नका.

टो_कॅम्बर: ऑल व्हील ड्राइव्हला पुढे-मागे वेगळा व्यास म्हणजे सरळ रस्त्यावरही सेंटर डिफरन्शियल किंवा कपलिंगला (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा भाग) उसंत नाही, ते तापतं आणि झिजतं. मूळ साइजचे दोन घेतले तरी नवी नक्षी साधारण 8 मिमी आणि मागे 4. बऱ्याच गाड्यांना एवढा फरक चालत नाही, मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. चारही बदला.

आणि आतली कडा का खाल्ली ते आधी शोधा. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश या स्टिअरिंग-सस्पेन्शनच्या सांध्यांत प्ले (ढिलेपणा) असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून उपयोग नाही, सेटिंग टिकणारच नाही. नवे टायरही तसेच जातील.

चौथा_गिअर: स्टेपनी कोरी आहे, फुल साइज. तीनच नवे घेतले तर?

रिमझिम17: मॉडेल तेच असेल तर जमेल, पण साइडवॉलवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, बघा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पूर्ण कोड कधीकधी एकाच बाजूला असतो, आतल्या बाजूलाही बघा. रबर कडक झालंय किंवा बारीक चिरा दिसतात, तर ती स्टेपनीच राहू द्या.

तुमच्या वापराला एच/टी (हायवे-टेरेन, डांबरी रस्त्याचे टायर) पुरे. ए/टी जड, आवाज जास्त, ओल्या डांबरावर ब्रेकिंगही बहुधा लांबतं. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. साइडवॉलवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, बरेच जण तोच भरून मोकळे होतात.