'जेलस' आणि 'एन्व्ही': बंगालीत हिंसा, ईर्षा की आणखी काही?

तिसरा रकाना: इंग्रजी-बंगाली-मराठी अशी भावनावाचक शब्दांची यादी करतोय. 'जेलस'पाशी गाडी अडली. बंगाली कोशात 'ईर्षा' आणि 'हिंसा' दोन्ही दिसतात. हिंसा म्हणजे मारहाण ना? आणि 'एन्व्ही'ला वेगळा शब्द हवा, की दोन्हींपुढे 'मत्सर' लिहून मोकळं व्हावं?

वेलांटी: मोकळं होऊ नका, पुढे निस्तरावं लागेल. आधी माणसं मोजा. दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, याची बोच म्हणजे 'एन्व्ही'. तिथे दोघंच असतात. आपलं माणूस किंवा आपली जागा तिसरा कोणी हिरावून नेईल ही धास्ती म्हणजे 'जेलसी'. मात्र बोलण्यात 'जेलस' दोन्हीकडे चालतो; मैत्रिणीच्या सहलीचे फोटो बघून 'आय ॲम सो जेलस' म्हणतात तेव्हा तो निव्वळ हेवा असतो. उलट मात्र होत नाही. संशयी नवऱ्याला 'एन्व्हियस' म्हणत नाहीत.

व्याकरणही टिपून ठेवा. 'एन्व्ही' नाम आहे आणि क्रियापदही. 'जेलस'ला क्रियापद नाही. दोन्ही विशेषणांपुढे 'ऑफ' येतं. 'माझ्यावर जळतो' डोक्यात असल्यामुळे आपल्याकडे सर्रास 'जेलस ऑन मी' लिहिलं जातं, ते चूक.

माछभात: बंगालीपुरतं सांगतो. रोजच्या बोलण्यात हिंसा म्हणजे हेवा-मत्सरच. लिहितात 'हिंसा', बोलीत 'हिंसे', उच्चार साधारण 'हिंग्शे'. 'तोमाके देखे आमार हिंसे होच्छे' म्हणजे 'तुला बघून हेवा वाटतोय', कोणी अंगावर धावून येत नाहीये. मत्सरी माणूस, विशेषतः पोर, 'हिंसुटे'. मारहाणीचा अर्थ मेलेला नाही: पश्चिम बंगालच्या वर्तमानपत्रांत दंगलीच्या बातमीत 'हिंसा' येतो, बांगलादेशात तिथे बहुधा 'सहिंसता' छापतात. त्यामुळे संदर्भ बघूनच अर्थ लावायचा.

मराठी माणूस हमखास घसरतो तो विभक्तीवर. आपण 'माझा मत्सर करतो' म्हणतो, षष्ठी. बंगालीत 'आमाके हिंसा करे', म्हणजे 'मला'. 'आमार हिंसा करे' लिहिलंत तर वाक्य लंगडतं.

'ईर्षा' जरा पुस्तकी, आणि 'ईर्षणीय साफल्य' म्हणजे हेवा वाटावा असं यश, चक्क कौतुक. इंग्रजी 'एन्व्हिएबल'ला हा नेमका बसतो. पण मराठी रकान्यात 'ईर्षा' जसाच्या तसा उचलू नका. आपली 'जिंकण्याची ईर्षा' जिद्दीकडे झुकते.

तिसरा शब्द 'परश्रीकातर', हा खरा दागिना. पर + श्री + कातर: दुसऱ्याची भरभराट बघून व्याकूळ होणारा. नाम 'परश्रीकातरता'. यात स्वतःला काही हवं असेलच असं नाही, समोरच्याचं बरं चाललंय हेच दुखणं. मराठीत जवळचा 'असूया', पण तो एवढा बोलका नाही.

तिसरा रकाना: मग संशयी नवऱ्याला काय? आणि 'जेलसली गार्डेड' असा प्रयोग आलाय, तिथे मत्सर कुठून आला?

वेलांटी: दुसऱ्याचं आधी. तिथे मत्सर नाहीच. 'जेलस' आणि इंग्रजीतलाच 'झील' (उत्साह) एकाच ग्रीक 'झेलोस'पासून आलेले, मूळ अर्थ आवेश, तळमळ. म्हणून 'जेलसली गार्डेड' म्हणजे जिवापाड जपलेलं. बायबलमधल्या दहा आज्ञांत देव स्वतःला 'जेलस' म्हणवतो. मराठी भाषांतरात तिथे 'ईर्ष्यावान देव' आहे. जुन्या बंगालीत 'स्वगौरव रक्षणे उद्योगी', म्हणजे आपला गौरव राखायला झटणारा. बंगाली भाषांतरकाराने शब्द सोडला आणि अर्थ धरला.

'एन्व्ही'चं मूळ लॅटिन 'इन्विदेरे', वाकड्या नजरेनं बघणे. आपल्या 'डोळ्यांत सलणे'च्या शेजारचंच घर. बंगालीतही 'चोख टाटानो' आहे, शब्दशः डोळे ठणकणे.

आणि 'अनएन्व्हिएबल' दिसला की 'हेवा न वाटण्याजोगा' लिहू नका. 'अनएन्व्हिएबल टास्क' म्हणजे कोणाच्या वाट्याला येऊ नये असं काम.

माछभात: संशयी नवरा 'सन्देहबातिक'. बातिक म्हणजे खूळ, वेड. 'ईर्षाकातर स्वामी' चालेल, पण तो कादंबरीतला. संवादात पहिलाच ठेवा. मराठीत सरळ 'संशयी'. 'मत्सरी नवरा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, बायकोची बढती त्याला खुपतेय.

तिसरा रकाना: म्हणजे 'जेलस'पुढे एक ओळ पुरायची नाही.

वेलांटी: तीन करा: हेवा, संशय, जिवापाड जपणे. आणि प्रत्येकीपुढे एक अख्खं वाक्य द्या, नुसत्या शब्दावरून यातलं काहीच कळत नाही.